दोघांपुरती शेगडी

"अर्धा कांदा? अर्धा कांदा म्हणजे काय असतं हो? जन्मात कधी अर्धा कांदा बघितलाय का कोणी?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी बघतो. रोज बघतो," चष्मेवाले म्हणाले. "उरलेला अर्धा फ्रिजमध्ये असतो. वाटीखाली झाकलेला."

"म्हणूनच फ्रिजला वास येतो."

"फ्रिजला वास तुझ्या मंगळवारच्या सुपाचा येतोय. कच्च्याच राहिलेल्या सुपाचे सात डबे भरून ठेवलेस. दुधाला जागा नाही. दूध खिडकीत ठेवलंय मी. खिडकीत!"

"मग अर्धा कांदा काढा की बाहेर. लगेच जागा होईल."

भांडणाचं मूळ टेबलावर दोघांच्या मधोमध तीन पाय पसरून बसलं होतं. मुठीत मावेल एवढी शेगडी. एक छोटीशी नळी, तिच्या डोक्यावर भांडं ठेवायला तीन दुमडते पाय, बाजूला तारेची चावी. खाली गॅसची बुटकी डबी पेचाने फिरवून बसवायची, की झाली चूल तयार. डबी सोडली तर वजन पंच्याऐंशी ग्रॅम. डोंगरात पाठीवर सामान घेऊन फिरणारे लोक असली शेगडी नेतात आणि वर कुठेतरी दगडाच्या आडोशाला बसून दोघांपुरतं शिजवून खातात. दोघांपुरतं! हा शब्दच या घरात चार दिवस धुमाकूळ घालत होता.

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बसून धाकटी शांतपणे भावजींनी केलेलं ऑम्लेट खात होती. तिने काट्यावरचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि निकाल दिला.

"ताई, रविवारी दुपारी मागच्या अंगणात परीक्षा. या शेगडीवर, माझ्यासमोर, दोन माणसांचं रात्रीचं जेवण करून दाखवायचं. जमलं तर बुधवारी तू माझ्याबरोबर तळ्यावर येतेस. नाही जमलं तर मी भावजींना घेऊन जाते."

"मला?" चष्मेवाल्यांच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

"यांना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "हे जिना उतरताना कठडा धरतात."

"पण अर्धा कांदा चिरतात," धाकटी म्हणाली.

मोठ्या बाई म्हणजे धाकटीची ताई आणि चष्मेवाल्यांची बायको. पण हे नातं फक्त या तीन खोल्यांतलं. बाहेर सगळं गाव त्यांना इस्पितळाच्या मोठ्या बाई म्हणूनच ओळखत होतं. एकोणिसाव्या वर्षी त्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागल्या आणि एक्केचाळीस वर्षांनी, मुख्य स्वयंपाकीण म्हणून, गेल्याच महिन्यात बाहेर पडल्या. रोज चारशे माणसांचं जेवण. सणवार, सुट्टी, संप, पूर, काही असो. आजारी माणसाला भूक लागायची ती लागतेच. बाईंच्या हातातली पळी नांगरासारखी होती. त्या भात हलवत नसत, नांगरत. "थोडं पीठ घे" म्हणाल्या की मदतनीस अर्धं पोतं उचलायचा.

याचा परिणाम संसारावर पहिल्याच रविवारी दिसला होता. नव्या नवरीने हौसेने सूप केलं. चष्मेवाल्यांनी ते सहा दिवस खाल्लं, आणि सातव्या दिवशी कमरेला ॲप्रन बांधला, तो आजतागायत सोडला नाही. त्यांचा धंदाच बारकाव्याचा. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान. मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू चिमट्याने बसवायचे, काच घासताना श्वास रोखून धरायचा. ते मीठसुद्धा तसंच घालत. त्यांच्या हातचं जेवण दोन माणसांना बरोबर पुरायचं, घासभरही उरायचं नाही, आणि बाईंना जेवून उठताना दर वेळी कोणीतरी उपाशी राहिल्यासारखं वाटायचं.

निरोपाच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या मंडळींनी वर्गणी काढली. सगळ्यांना वाटलं होतं भिंतीवरचं घड्याळ देतील. आजवर सगळ्यांना तेच मिळालं होतं. निघाली ही शेगडी, आणि बरोबर कार्ड: 'मोठ्या बाई, आता तरी दोघांपुरतं करा.' स्वयंपाकघर पोट धरून हसलं. बाईही हसल्या. घरी येऊन मात्र त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "मला येत नाही असं वाटतं काय यांना?"

येत नव्हतं, हे खरंच होतं.

आता तळ्याचं. दोघी बहिणींचे वडील बसचे ड्रायव्हर होते. त्यांची बस डोंगरात शेवटच्या थांब्यापर्यंत जायची. तिथे एक बाकडं होतं, एक नळ होता, आणि वर तळ्याकडे जाणारी पायवाट होती. सुट्टीत दोघी मुली ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून तिथवर जायच्या, नळाचं पाणी प्यायच्या आणि त्याच बसने परत यायच्या. "पुढच्या वर्षी वर जाऊ," वडील म्हणायचे आणि बस वळवायचे. ते नोकरीतून सुटले तेव्हा गुडघ्यांनी साथ सोडली होती. धाकटी पुढे टपाल वाटायला लागली. सव्वीस वर्षं खांद्यावर थैली घेऊन तिने गावातल्या सगळ्या चढउतारांचं माप काढलं. तिला सुट्टी मिळायची, ताईला नाही. दर वर्षी बेत व्हायचा आणि दर वर्षी ताई म्हणायची, "चारशे माणसं कोणाच्या जिवावर सोडू?"

आता चारशे माणसं दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर होती. तळ्यावर जायला एक दिवस, राहायला एक, यायला एक. वाटेत ना दुकान, ना टपरी. थंड खाल्लं की धाकटीचं पोट संपावर जायचं, त्यामुळे गरम जेवण हवंच. स्वतः शिजवण्याचा प्रश्नच नव्हता; धाकटीच्या हातून पाणीही करपायचं. पाकिटातलं गरम पाण्यात कालवून खाऊ, असं ती एकदाच म्हणाली होती. "पाकिटातलं? मी मेल्यावर खा," ताई म्हणाली आणि तो विषय तिथेच मेला.

मंगळवारी मागच्या अंगणात पहिल्या प्रयत्नात बाईंनी सवयीने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, दहा लिटरचं. धाकटीने वारा लागू नये म्हणून आडोसा करायला सांगितलं होतं. बाईंनी अर्धवट काही केलं नाही. चारी बाजूंनी बेकिंगचे ट्रे लावून शेगडीला कोठडीतच घातलं. तीन इवल्या पायांवर दहा लिटर सूप झुलत होतं आणि आत कोंडलेल्या उष्णतेने गॅसची डबी तापत चालली होती.

वरच्या मजल्यावर ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर राहतात. शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या चुकांना ब्रेक लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते खिडकीतून ओरडले, "ब्रेक! बाई, ब्रेक!" आणि त्यांचा उजवा पाय भिंतीवर एवढ्या जोरात बसला की खालच्या घरातला फोटो पडला. चष्मेवाले चिमटा घेऊन धावले. त्यांनी ट्रे उधळले, चावी बंद केली आणि घामाघूम होऊन अंगणातच बसले. सूप कोमट झालं होतं. डबी अर्धी रिकामी.

"डबी कधी कोंडायची नाही," धाकटी संध्याकाळी येऊन म्हणाली. "तापली तर फुटेल. आडोसा एकाच बाजूने करायचा."

गुरुवारी, अर्ध्या कांद्याच्या भांडणानंतर, बाईंनी दुसरा मार्ग धरला. इस्पितळाचा तक्ता त्यांना पाठ होता: चारशे माणसांना किती काय. त्याला दोनशेने भागलं की झालं, असा त्यांचा हिशेब. कागद घेऊन त्या दुपारभर भागाकार करत बसल्या. शेवटी त्यांनी दुकानात फोन लावला.

"अहो, तुमच्याकडे काच मोजायचं ते बारीक माप आहे ना? मिरी पाव चिमूट येतेय."

"चिमटीने घाल."

"चिमटीत एक चिमूट येते. पाव कशी घालू?"

"आणि मीठ?" चष्मेवाल्यांनी पलीकडून विचारलं.

इस्पितळाच्या तक्त्यात मीठ नव्हतंच. एक्केचाळीस वर्षं बाईंनी मीठ न घालता शिजवलं होतं. ज्याला चालतं त्याने ताटात घ्यायचं, हा नियम. त्या दिवशीचा भात दोघांपुरता झाला खरा, पण बाईंना चावी पूर्ण उघडायचीच माहीत. इस्पितळाच्या भट्ट्यांना मधलं काही नसायचं. एक तर बंद, नाही तर विमान उडावं तशी घरघर. मधोमध कोळसा, कडेला कच्चं, आणि डबी पार संपलेली.

इकडे चष्मेवाल्यांचं वेगळंच चाललं होतं. "मी कुठला डोंगर चढतोय," असं ते दिवसातून चार वेळा म्हणत. पण शुक्रवारी त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी दिसली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"वाट चुकलो तर वाजवायला."

"दुकानात वाट चुकता?"

शनिवारी जाड मोजे आले. संध्याकाळी ते शेगडी समोर घेऊन बसले, सगळ्यात बारीक सुईने तिचं छिद्र साफ केलं आणि तिला मऊ फडक्याने पुसता पुसता हळूच म्हणाले, "वा गं बाई." लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण हा आवाज बाईंनी स्वतःसाठी कधी ऐकला नव्हता.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. तळं जाईल ते जाईल, पण जाईल ते यांच्याकडे, आणि हे तीन दिवस तिथे बसून अर्धा अर्धा कांदा चिरतील, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

रविवारी दुपारी अंगणात धाकटी बादली घेऊन आली. तिने नवीन डबी पाण्यात सोडली. गॅस भरलेली असली की डबी खोल बुडते, संपत जाईल तशी वर तरंगते. पाणी कुठवर येतं तिथे तिने पेनाने रेघ मारली. मग गुरुवारी संपलेली डबी सोडून तीही खूण बघितली आणि मधल्या जागेत सहा सारखी घरं आखली.

"तीन दिवस, सहा वेळचं गरम खाणं. एका वेळेला एक घर. त्याच्या वर गेलीस तर नापास. दुसरी डबी मी उचलणार नाही. दुसऱ्या डबीऐवजी माझा रेनकोट येतो."

बाईंनी मान डोलावली. त्यांनी एक लिटरचं पातेलं घेतलं. दोन मुठी तांदूळ, मूठभर मटार, बटाट्याच्या नखाएवढ्या फोडी. मग कांदा घेतला. तो मधोमध कापला. अर्धा बाजूला ठेवताना त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणाला दारातून उपाशी परत पाठवलंय.

चष्मेवाले भिंतीला टेकून उभे होते. अंगात करड्या लोकरीचा जाड स्वेटर, गळ्यात शिट्टी, पायात नवे मोजे. एक हात खिशात.

शेगडी फुरफुरत पेटली. एका बाजूला एकच ट्रे. "पहिला गियर," वरून मास्तर म्हणाले. "हळू सोडा… हां… आरशात बघा."

झाकणाखाली पाणी उकळायला लागलं. तीन-चार मिनिटं झाली असतील. तेवढ्यात बाईंनी चावी फिरवून शेगडी बंद केली.

तांदूळ अजून कच्चा होता, हे तर धाकटीलाही कळत होतं.

"ताई?" ती म्हणाली. "सोडलीस?"

"अहो," बाई म्हणाल्या, "स्वेटर काढा."

"कोणाचा?"

"इथे दुसऱ्या कोणी स्वेटर घातलाय का? काढा लवकर, वाफ चाललीय."

चष्मेवाल्यांनी स्वेटर काढला. आधी शिट्टी त्यात अडकली, मग मान, मग चष्मा. बाईंनी पातेलं झाकणासकट स्वेटरमध्ये घातलं, बाह्या पोटाभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली, वर धाकटीचा मफलर बांधला आणि ते गाठोडं पायरीवर ठेवून दिलं. मग स्वतः शेजारी बसल्या, रुग्णाच्या उशाशी बसावं तशा.

"वीस मिनिटं. हात लावायचा नाही."

"बाई, गाडी बंद पडली काय?" वरून मास्तर.

"उतारावर कशाला चालू ठेवायची?" बाईंनी वर न बघता विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी एकदा इस्पितळाचा गॅस सकाळीच गेला होता. भांडी नुकती उकळलेली, आत सगळं कच्चं, आणि बारा वाजता चारशे माणसं जेवणार. बाईंनी वॉर्डांतली झाडून सगळी कांबळी मागवली आणि सगळ्या भांड्यांना पांघरूण घालून झोपवलं. बाराला जेवण तयार. डॉक्टरांना कळलंही नाही. "उकळी आली की निम्मं काम झालं. बाकीचं ते आपलं आपण शिजतं. इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. बारक्या भांड्याला पांघरूण लागतं, हे लक्षातच येत नव्हतं."

वीस मिनिटांनी गाठ सुटली. वाफ आली, वास आला. भात फुललेला, बटाटा बोटाने दबत होता. धाकटीने घास घेतला, चावला, आणि थांबली.

"मीठ?"

"ज्याचं त्याने ताटात—"

चष्मेवाल्यांनी खिशातला हात बाहेर काढला. हातात मिठाची छोटी डबी होती. त्यांनी मोजून दोन चिमट्या टाकल्या. बाई बघत राहिल्या.

धाकटीने पुन्हा घास घेतला, मग दोघींच्या वाटणीचं निम्मं संपवलं. मग गॅसची डबी बादलीत सोडली. पहिल्या घराचा अर्धासुद्धा गॅस गेला नव्हता.

परीक्षा तिथेच संपली असती. पण पाटावर तो अर्धा कांदा पडला होता.

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा वर.

"मास्तर, जेवलात का?"

"नाही अजून."

"पातेलं आणि स्वेटर घेऊन खाली या."

मास्तर आले. त्यांच्याबरोबर बायकोही आली. अर्धा कांदा मार्गी लागला. पण तेवढ्यात समोरच्या घरातली दाताच्या दवाखान्यातली बाई वास घेत आली, आणि तिच्या हातात, कसा कोण जाणे, अर्धा कांदा होता. तो संपला तर पुढच्या भांड्याला नवा कापावा लागला, आणि परत अर्धा उरला. मग कोणी ना कोणी येतच राहिलं. प्रत्येक जण आपलं भांडं, आपलं लोकरीचं काही आणि एखादा माणूस घेऊन. बाई एका भांड्यात दोघांपुरतंच टाकायच्या, उकळी आणायच्या, शेगडी बंद, भांडं पांघरुणात. पायरीवर रांग लागली: एक निळा स्वेटर, एक शाल, एक लहान मुलाची टोपी, दवाखान्याच्या बाईचा पांढरा कोट. बाई मागे हात बांधून रांगेतून फिरायला लागल्या.

"चार नंबरला अजून दहा मिनिटं. सहाला हलवू नका, झोपलाय. नऊ नंबर, घरी जा."

चष्मेवाले मागून मिठाची डबी घेऊन, प्रत्येक सुटलेल्या भांड्यात दोन दोन चिमट्या. शिट्टीचाही उपयोग झाला. वीस मिनिटं झाली की ते ती वाजवत. बिनस्वेटरचे कुडकुडत होते, पण थांबत नव्हते.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा शेगडीने दोनदा फडफड केली आणि ती विझली. बाईंनी अंगणभर नजर फिरवली. सगळे जेवत होते. त्या ओठ हलवून मोजत होत्या.

"चाळीस," त्या म्हणाल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा समाधानाने खाली बसल्या.

धाकटीने डबी बादलीत टाकली. ती बुचासारखी वर आली.

"ताई! सहा वेळचा गॅस होता. एका दुपारी संपवलास. मी दोघांपुरतं म्हणाले होते."

"दोघांपुरतंच केलं. वीस वेळा."

धाकटीने आकडे जुळवले. डबी सहा वेळची होती. तीत वीस वेळा शिजलं होतं.

"आणि वर तळ्यावर चाळीस माणसं भेटली तर?" तिने विचारलं.

"भेटली तर जेवतील."

संध्याकाळी तिघं घरात आले. चष्मेवाल्यांनी शिट्टी खुंटीला अडकवली, परत काढली, परत अडकवली. स्वेटरला भाताचा आणि कांद्याचा वास येत होता. त्यांनी तो हुंगला आणि धुवायला टाकायला निघाले.

"धुऊ नका," बाई म्हणाल्या. त्यांनी फ्रिज उघडून सुपाचे सातही डबे एकेक करून बाहेर काढले आणि खिडकीतलं दूध आत ठेवलं. मग वाटीखालचा अर्धा कांदा बघितला, आणि तो होता तिथेच राहू दिला.

"बुधवारी सकाळी सहाची बस आहे," त्या फ्रिजचं दार लावत म्हणाल्या. "शेवटच्या थांब्याला उतरायचं. मी जातेय. धाकटी रेनकोट घेईल, मी शेगडी. मिठाची डबी येतेय, स्वेटर येतोय. तुम्ही नाही."